कबर रिकामी नसती तर

येशूच्या पहिल्या प्रचारकांतल्या पौलानं एक वाक्य असं लिहून ठेवलंय की त्यातून आम्हा ख्रिस्ती लोकांना पळवाटच नाही. करिंथकरांस पहिलं पत्र, 15 वा अध्याय. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमचं सांगणं व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. तेवढ्यावर थांबत नाही तो, पुढं म्हणतो की ह्या आयुष्यापुरतीच आपली ख्रिस्तावर आशा असेल तर सगळ्या माणसांत कीव करावी अशी आपणच. हे कुणी विरोधकानं म्हटलेलं नाही. ज्यानं गावोगाव हिंडून, फटके खाऊन, जेलात बसून हा विश्वास पसरवला त्यानंच सांगून टाकलंय की नेमकं कुठं बोट ठेवलं की सगळं कोसळतं.

मग विषय संपला म्हणायचा का? पुनरुत्थान, म्हणजे मेलेला येशू जिवंत उठला हे, मानत नाही तो ख्रिस्ती नाही, झालं? आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, असं मानणारे पुष्कळ आहेत आणि ते चांगले लोक आहेत, आणि दुसऱ्या बाजूला शिकलेल्या तरुण पोरांत हळूच बोलणारेही आहेत की येशूची शिकवण घ्यायची, डोंगरावरचं प्रवचन घ्यायचं, ते कबरीचं वगैरे सिंबॉल आहे असं समजायचं आणि पुढं जायचं. मी मिरजेत लहानाची मोठी झाले, संडे स्कूल, तरुण संघ, महिला मंडळ सगळं इथंच, आणि हा प्रश्न मला कित्येक वर्षं सोडत नाहीये. दोन्ही बाजूंची उत्तरं मला फार घाईची वाटतात.

आधी त्या करिंथचंच, म्हणजे त्या ग्रीक शहरातल्या मंडळीचंच बघू, कारण तो अध्याय आपण ईस्टरला वाचतो, प्रेतक्रियेला वाचतो, पण तो कुणाला लिहिलाय हे विसरतो. साधारण इसवी सन 54-55 च्या आसपासचं पत्र, म्हणजे येशूला क्रूसावर दिल्याला जेमतेम पंचवीसएक वर्षं झालेली. आणि त्यात 12 व्या वचनात पौल विचारतो की तुमच्यातले काहीजण मेलेल्यांचं पुनरुत्थान नाही असं कसं म्हणतात? तुमच्यातले! म्हणजे मंडळीतले, बाप्तिस्मा झालेले, प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीतल्या भाकरी-द्राक्षारसाला, बसणारे. येशू उठला हे ते नाकारत होते का, तर बहुतेक नाही, त्यांचं म्हणणं मेलेली माणसं शरीरानिशी उठत नाहीत एवढंच असावं, ग्रीक माणसाला शरीर परत मिळणं ही आशा न वाटता शिक्षाच वाटायची. पण पौल त्यांना सोडत नाही, म्हणतो मेलेले उठतच नसतील तर ख्रिस्तही उठला नाही, मधली जागा नाही.

आता माझा पॉइंट असा आहे की ह्याच पत्रात 5 व्या अध्यायात पौल एका माणसाला मंडळीतून बाहेर काढा म्हणून स्पष्ट सांगतो, ज्यानं बापाच्या बायकोला ठेवली होती त्याला. म्हणजे बाहेर काढणं त्याला जमत होतं, तो तिथं कचरत नव्हता. पण 15 व्या अध्यायात, जिथं त्याच्या मते सगळा विश्वासच पणाला लागलाय, तिथं तो कुणालाही बाहेर काढा म्हणत नाही. तो वाद घालतो. उठलेल्या येशूला बघितलेले साक्षीदार मोजतो, केफा म्हणजे पेत्र, मग बारा शिष्य, मग पाचशेच्या वर बंधू ज्यातले बहुतेक अजून जिवंत आहेत, मग याकोब, शेवटी मी. रागावतो, मूर्खा म्हणतो, लाज वाटावी म्हणून बोलतोय असंही म्हणतो, आणि शेवटी 58 व्या वचनात ‘माझ्या प्रिय बंधूंनो’ म्हणून हाक मारतो. तो पूर्ण अध्याय बंधूंशी घातलेला वाद आहे. पुढं तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात हुमनाय आणि फिलेत ह्या दोघांना मात्र फार कडक शब्द आहेत, पुनरुत्थान होऊन गेलंय असं शिकवून ते लोकांचा विश्वास उलथवत होते. मला ह्यात फरक दिसतो, एकाला पटत नाही आणि दुसरा इतरांचा आधार काढून घेतो ह्यात.

माझ्या थोरल्या काकांबद्दल सांगते म्हणजे मी हे सगळं का चिवडत बसते ते कळेल. काका मिरजेत हॉस्पिटलात ड्रेसर होते. मिरज म्हणजे हॉस्पिटलांचं गाव, डॉक्टर वॉनलेसनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून कर्नाटकापर्यंतचे पेशंट रेल्वेनं इथं उतरतात, आणि आमच्या पिढ्यांतली निम्मी माणसं नर्स, कंपाउंडर, वॉर्डबॉय. काकांची बरीचशी नोकरी कुष्ठरोग्यांच्या जखमा धुण्यात गेली. घरच्या माणसांनी टाकलेली माणसं ती. काका त्यांच्या पायाजवळ खाली बसून पट्टी बांधायचे आणि बांधताना त्यांच्या गावच्या पिकापाण्याच्या गोष्टी काढायचे. आणि हेच काका दर रविवारी उपासनेत प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो ते सांगणारं ठरलेलं निवेदन, म्हणायला सगळ्यांबरोबर उभे राहायचे, मरण पावला, पुरला गेला इथपर्यंत खणखणीत आवाजात म्हणायचे, आणि तिसऱ्या दिवशी उठला ह्या ओळीला गप्प. मग पुढं पवित्र आत्म्यापासून परत सुरू.

लहानपणी मला वाटायचं त्यांना धाप लागते. मोठी झाल्यावर विचारलं तर म्हणाले, “बाळ, मी मेलेली माणसं लई बघितली. माझ्या हातानं झाकलीत. जे मला खरं वाटत न्हाई ते देवाच्या घरात उभं राहून कसं म्हणू?” मी म्हटलं मग बाकीचं कसं म्हणता, तर म्हणाले बाकीचं मला खरं वाटतं. एवढंच. त्यात ना कसला तोरा होता ना वाद घालायची हौस.

मंडळीत हे सगळ्यांना माहीत होतं. एकदा कमिटीत कुणीतरी विषय काढला होता की अशा माणसाला प्रभुभोजन द्यावं का. तेव्हाचे पाळकसाहेब वयस्कर होते, ते म्हणाले की ओळ सोडतात हे मी दर रविवारी ऐकतो, पण उपासना सोडत नाहीत हेही बघतो. आणि दिलं. काका त्यानंतर कित्येक वर्षं जगले.

काकांना बाहेरचा म्हणणाऱ्या लोकांना मी नेहमी योहानाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, 20 वा अध्याय वाचा म्हणते. थोमा ह्या शिष्याचं सगळ्यांना पाठ असतं, जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. आणि मग येशू येतो नि थोमा म्हणतो माझा प्रभू, माझा देव. पण ह्या दोन गोष्टींच्या मध्ये एक वचन आहे, 26 वं, आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. तो पूर्ण आठवडा थोमा त्यांच्यात होता, ज्यांनी बघितलंय अशा दहा जणांत न मानणारा एकटा. एकत्र जेवले असतील, दारं लावून एकत्र घाबरले असतील. त्यांनी त्याला जा म्हटलं नाही आणि तो स्वतःही उठून गेला नाही, गेला असता तर येशू आला तेव्हा तो तिथं नसताच. मत्तयात तर त्याहून नवल आहे, गालीलातल्या डोंगरावर येशू समोर उभा आहे, शिष्य नमन करतात आणि तिथंच लिहिलंय की काहींना संशय वाटला. आणि लगेच पुढं येशू सगळ्या जगात जा म्हणून पाठवतो, त्या सगळ्यांना, संशय वाटणाऱ्यांना वेगळं काढून नव्हे. ही वचनं लिहिणाऱ्यांनी गाळली असती तर कुणाला कळलं नसतं. नाही गाळली.

म्हणून एक गोष्ट मला पक्की वाटते, की मनात पुनरुत्थानाची खात्री नसलेला माणूस ख्रिस्ताच्या मंडळीत पहिल्या आठवड्यापासून आहे आणि त्याला तिथून हाकलायचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.

पण म्हणून पुनरुत्थान ऑप्शनला टाकायचं का? इथं मी त्या सिंबॉलवाल्या पोरांशी भांडते, आणि जोरात भांडते.

हे नवीन नाहीये. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसननं 1820 च्या सुमाराला शुभवर्तमानांतली पानं चक्क ब्लेडनं कापून स्वतःपुरती एक प्रत बनवली, चमत्कार सगळे काढले, शिकवण ठेवली. त्याची गोष्ट कबरीच्या तोंडावर धोंडा लोटला आणि ते निघून गेले इथं संपते. जर्मनीत बायबलचा अभ्यासक बुल्टमन ह्यानं 1941 मध्ये मांडलं की आजच्या माणसाला हे सगळं जुन्या जगाच्या कथेच्या भाषेत पटणार नाही, येशू उठला तो प्रचाराच्या शब्दात उठला. तो प्रामाणिक माणूस होता आणि त्याला विश्वास वाचवायचाच होता. इंग्लंडमध्ये 1984 ला डरहमचे बिशप जेन्किन्स ह्यांच्यावरून केवढा गदारोळ झाला, त्यांचं म्हणणं असं की पुनरुत्थान ही हाडांच्या जादूपेक्षा फार मोठी गोष्ट आहे, आणि लोकांत पसरलं ते बिशप पुनरुत्थानाला हाडांची जादू म्हणाले म्हणून. यॉर्कच्या ज्या कॅथेड्रलमध्ये त्यांचा बिशप म्हणून दीक्षाविधी झाला तिथं तीनच दिवसांत आग लागली, लोक म्हणाले देवाचा कोप. असल्या बोलण्यात मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

ह्याच्या बरोबर उलटा माणूस म्हणजे पिंखास लापिडे. यहुदी विद्वान, यहुदी म्हणूनच जगला, आणि 1970 च्या दशकात त्यानं लिहिलं की सगळा पुरावा बघता येशूला देवानं खरोखर उठवलं असं मला वाटतं. पण तो ख्रिस्ती झाला नाही, येशू इस्राएलचा मसीहा, म्हणजे देवानं पाठवायचा तारणारा, हे त्याला मान्य नव्हतं. म्हणजे घटना मानली तरी माणूस आपोआप ख्रिस्ती होत नाही! याकोबाच्या पत्रात आहेच की, भुतंसुद्धा देव एक आहे हे मानतात आणि थरथर कापतात. तर नुसतं ‘झालं’ असं मानणं म्हणजे विश्वास नाही. काका घटना मानत नव्हते आणि येशूच्या मागं चालत होते, लापिडे घटना मानत होता आणि मागं गेला नाही. हे दोघं डोळ्यापुढं ठेवले की साधं हो-नाहीचं उत्तर मला देता येत नाही.

आमच्या शेजारी एक वारकरी कुटुंब आहे, त्यांच्याकडे फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकाराम बीज असते, दुपारी बाराला फुलं उधळतात, आणि ती तिथी बऱ्याचदा आमच्या ईस्टरआधीच्या उपासकाळात येते. तिथल्या आजोबांना मी एकदा विचारलं की आजोबा, तुकोबा सदेह वैकुंठाला गेले हे न मानणारा वारकरी असतो का. ते म्हणाले असतो की, आमच्या दिंडीतच आहेत, माळ घालतो, वारी करतो, अभंग म्हणतो, झाला वारकरी. मला ते ऐकून क्षणभर हेवा वाटला. ना. वा. टिळक म्हणायचे की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो, आणि ते टिळक शेवटच्या काळात इथं जवळच साताऱ्यात राहिले, देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा येशूच्या सगळ्या भक्तांना एकत्र बसवायची धडपड केली. त्या अंगणात बसावं असं मलाही वाटतं. तरी फरक आहेच. तुकोबांचे अभंग तुकोबा कसे गेले ह्याच्यावर उभे नाहीत, ते गाथेत आहेत आणि तिथंच खरे आहेत. येशूनं मात्र स्वतः लिहिलेलं एक पान ठेवलं नाही. जे आहे ते सगळं त्या माणसांनी सांगितलेलं ज्यांना वाटत होतं की तो जिवंत आहे. तसं वाटलं नसतं तर डोंगरावरचं प्रवचन आपल्यापर्यंत आलंच नसतं, रोमन राज्यात क्रूसावर दिलेल्या शेकडो लोकांचं कोण काय लिहून ठेवत होतं?

आणि ज्यांच्या तोंडी ती बातमी पहिल्यांदा आली त्या बायका. मला बाई म्हणून हे फार जवळचं आहे. योसेफस नावाचा पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार सरळ लिहितो की बायकांची साक्ष घेऊ नये. पुढच्या शतकात सेल्सस नावाच्या टीकाकारानं एका भ्रमिष्ट बाईच्या सांगण्यावर हे सगळं उभं आहे म्हणून खिल्ली उडवली. आणि लूक तर लिहितो की प्रेषितांनाच ती वायफळ बडबड वाटली. रचून सांगायचं असतं तर त्या बायकांतल्या मग्दालिया मरीयेला कुणी पुढं केलं नसतं. मार्काच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत तर गोष्ट 16 व्या अध्यायाच्या 8 व्या वचनावरच थांबते, बायका कबरीपासून पळाल्या, थरथरत होत्या, कुणाला काही बोलल्या नाहीत कारण त्या भ्याल्या होत्या. नंतरची वचनं मागाहून जोडलेली. हे काही सिद्धता नाही, मला माहीत आहे, कोर्टात टिकणारं नाही. पण ही कथा विजयाच्या कथेसारखी दिसत नाही, घाबरलेल्या माणसांच्या जबानीसारखी दिसते, आणि मला तिचं वजन वाटतं.

पण माझं खरं कारण दुसरंच आहे.

आमच्या भागातल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांचे पूर्वज महारवाड्यातून, मांगवाड्यातून आलेत. माझी पणजी विहिरीवर जाऊ शकत नव्हती. तिच्या विचारांचा विटाळ कुणाला होत नव्हता, तिच्या आत्म्याचाही नाही, विटाळ होता तो तिच्या शरीराचा. सावलीचा. तिनं हात लावलेल्या घागरीचा. आता तिला येऊन कुणी सांगितलं असतं की बाई, येशू शिष्यांच्या आठवणीत उठला, विचारात उठला, तर तिला त्यात काय मिळालं असतं? पण तिला सांगितलं गेलं ते असं की ज्या माणसाला सरकारनं उघडं करून, गुलामासारखं खिळ्यांनी ठोकून, गावाबाहेर मारलं, त्याच माणसाचं तेच शरीर देवानं उठवलं, जखमांसकट, आणि त्या शरीरानं कोळ्यांना सकाळची न्याहारी करून घातली. शरीर घाण नाही. देवाला ते परत हवं आहे. मला वाटतं पुनरुत्थानाची बातमी मुळात ह्याच जातीची आहे. यहुदी लोकांत ही आशा धगधगून उठली ती छळाच्या काळात, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात, अंतियोख राजाच्या जुलुमात. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, आमच्या प्रॉटेस्टंट बायबलात ते नसतं पण वाचण्यासारखं आहे, सात भावांची गोष्ट आहे, त्यातला एक भाऊ राजापुढं आपले हात पुढं करतो नि म्हणतो हे मला देवानं दिले, ते मला त्याच्याकडूनच परत मिळतील. आत्मा अमर आहे वगैरे तो म्हणत नाही. माझे तोडलेले हात मला परत मिळाले पाहिजेत, हा न्याय आहे, एवढंच त्याला म्हणायचंय.

म्हणून जे शरीर वगळून फक्त अर्थ ठेवा म्हणतात त्यांना मी सांगते की ज्याच्या शरीराला कधी कुणी नाकारलं नाही त्याला हे सोपं जातं. पौल शरीर कसलं उठणार ह्यावर दाण्याचं उदाहरण देतो, पेरतो ते होणारं ताट नसतं, नुसता दाणा असतो, आणि आमच्याकडं शाळवाच्या रानात उभं राहिलेल्या कुणालाही ते समजतं. तेच शरीर, पण तसंच नाही. ह्यापलीकडं त्याचं सायन्स मला सांगता येणार नाही आणि पौलालाही सांगता आलेलं नाही.

तर मला विचाराल तर ख्रिस्ती विश्वास पुनरुत्थानाशिवाय उभा राहत नाही, पौल बरोबर आहे, मंडळीनं ते म्हणणं सोडलं की ती भल्या माणसांची संस्था उरेल, पणजीला सांगण्यासारखं तिच्याकडं काही नसेल. पण मंडळीतल्या एकेका माणसाला ते दर रविवारी मनापासून म्हणता आलंच पाहिजे अशी अट मला नव्या करारात सापडत नाही. ओळ सगळ्यांची आहे. काका गप्प असायचे तेव्हा ती आम्ही म्हणत होतो, माझ्या घरात एक तरुण मरण झालं त्या वर्षी मला ती म्हणवत नव्हती तेव्हा ती दुसऱ्यांनी म्हटली.

काकांचा एक मुद्दा मात्र राहतो आणि तो मी टाळणार नाही. ते मत्तयाचा 25 वा अध्याय काढायचे, शेवटच्या न्यायाचा, मेंढरं उजवीकडं नि शेरडं डावीकडं. म्हणायचे, “बघ, राजा काय काय विचारतो. भुकेल्याला दिलंस का, तहानेल्याला दिलंस का, आजाऱ्याकडं गेलास का. कबर रिकामी होती का म्हणून एक तरी प्रश्न आहे का ह्यात?” नाही, खरंच नाही. मी त्यांना म्हणायचे की काका, पण हा न्याय होतोय कधी, सगळी मेलेली माणसं उठल्यावरच ना, आणि राजा म्हणून बसलाय कोण, ज्याला मारलं तोच ना, पुनरुत्थान नसेल तर हा अध्यायच होत नाही. ते हसायचे, म्हणायचे ते तुझं लॉजिक बरोबर आहे पण राजा विचारत नाही हे माझंही बरोबर आहे. आणि ते होतंच बरोबर. उजवीकडच्या माणसांना तर आपण राजाला कधी भेटलो हेही माहीत नसतं त्या अध्यायात, ती उलट त्यालाच विचारतात की प्रभू, आम्ही तुला आजारी कधी बघितलं. काकांनी जखमा धुतलेल्या माणसांची नावं मला माहीत नाहीत, पण राजाच्या उत्तरात त्यातली कितीतरी असतील असं मी धरून चालले आहे.